गोवर्धनच्या वाटेने: नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात सायकलवर अडीच दिवस

जानेवारी उजाडला की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "यंदा वायनरी बघायच्यात गं, कसं करू?" माझे वडील दिंडोरी तालुक्यात थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची, बाग करायचे, मी नाशकात राहते आणि सुट्टीला सायकल बाहेर काढते, म्हणून हे काम माझ्याकडेच येतं. सगळ्यांना मी एकच सांगते: एका दिवसाला एकच वायनरी, आणि तिथे जायचं ते सायकलने. माझ्या मावसभावाने एका दिवसात तीन वायनऱ्या उरकल्या होत्या. घरी आल्यावर त्याला एकाही वाइनची चव सांगता येईना. बागा त्याने गाडीच्या काचेतून पाहिल्या होत्या आणि गोदावरी तर पाहिलीच नव्हती.

यायचं जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, कारण तोडणी याच दिवसांत चालते. आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही, त्यामुळे त्याची छाटणी वर्षातून दोनदा करावी लागते: एप्रिलमध्ये काडी तयार व्हावी म्हणून खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी. पीक मात्र एकच. पावसाळ्यात हा भाग फार देखणा दिसतो, पण वेलीवर घड नसतो. शक्यतो मधल्या वारी या, कारण शनिवार-रविवारी गंगापूर रोडला गाड्यांची रांग लागते. २६ जानेवारीची सुट्टी बघून बेत आखू नका. त्या दिवशी ड्राय डे असतो, पेला रिकामाच राहील. २१ वर्षं पूर्ण नसलेल्यांना वाइन मिळत नाही, हे मुलांना सोबत आणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सायकल गिअरची हवी, फार भारी नसली तरी चालेल. टायर जरा रुंद घ्या आणि दोन जादा ट्यूब जवळ ठेवाच. मळ्याच्या रस्त्यांवर बाभळीचे काटे पडलेले असतात. मी एकदा एकाच सकाळी दोनदा पंक्चर काढलं आहे, दुसऱ्यांदा तर भर उन्हात, आसपास सावलीचं एक झाड नसताना. भाड्याने सायकल घेत असाल तर दुकानाबाहेर एक फेरी मारून दोन्ही ब्रेक दाबून बघा. पहाटे कडाक्याची थंडी असते, हातमोजे लागतात. अकरानंतर तेच ऊन टोचायला लागतं.

पहिला अर्धा दिवस सायकल काढू नका. रिक्षाने पांडवलेण्यांवर जा. हायवेलगतचा तो रस्ता सायकलसाठी नाही. त्रिरश्मी डोंगरावर २४ लेणी आहेत, पण मी पाहुण्यांना मुख्यतः दोनच दाखवते. १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप म्हणजे शक राजा नहपानाचा जावई उषवदात याचे ब्राह्मी लेख आहेत. व्हरांड्यात उभं राहून वर बघा. सुमारे १९०० वर्षांपूर्वी या माणसाने तिथे राहणाऱ्या भिक्खूंसाठी गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले, त्याचा हा दाखला आहे. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीतून २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, द्यायचे. हिशेब करून बघा: २००० चं वर्षाचं व्याज २४०, आणि वीस बारे २४०. दगडातला हिशेब आजही जुळतो! मी दर वेळी पाहुण्यांना तो तिथेच करायला लावते.

मग ३ क्रमांकाच्या लेण्यात या. तिथे सातवाहन राणी गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक कोरून ठेवलं आहे. याच सातकर्णीने नहपानाच्या क्षहरात वंशाचा पाडाव केला. हरलेल्याचा हिशेब आणि जिंकलेल्याच्या आईचा अभिमान, दोन्ही एकाच डोंगरात. गोवर्धन हे नाव मात्र डोक्यात राहू द्या. उद्या त्याच गावात जायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सातला निघा. शहरातून गंगापूर धरणापर्यंत साधारण पंधराएक किलोमीटर आहे, चढ सौम्य आहे. पहिला थांबा आनंदवल्ली. राघोबादादांनी इथे वास्तव्य केलं आणि आनंदीबाईंच्या नावावरून गावाला हे नाव पडलं. नदीकाठी नवश्या गणपतीचं देऊळ आहे, तिथे सायकल लावून घाटावर दहा मिनिटं बसा. पुढे सोमेश्वर, तिथेही देऊळ आणि नदी. मग गंगापूर. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई पुण्यापासून दूर याच गंगापुरात राहिल्या. पानिपतात त्यांचा विश्वासराव गेला, मग क्षयाने माधवराव आणि १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. त्या खुनात ज्यांचं नाव घेतलं जातं त्या आनंदीबाईंचं गाव मागे सोडून आपण त्या आईच्या गावात शिरतो, आणि मध्ये सायकलवर अर्धा तासही लागत नाही. या टप्प्यावर मी नेहमी गप्प होते. पाहुण्यांनाही बोलायला लावत नाही.

गंगापूरला लागूनच गोवर्धन. लेण्यातलं गोवर्धन ते हेच, असं अभ्यासक मानतात. विणकरांचा आता मागमूस नाही, आहेत त्या द्राक्षबागा आणि वायनऱ्या. सुला या वायनरीची पहिली वाइन २००० साली आली ती याच गावातून. यॉर्क आणि सोमा या वायनऱ्या इथून जवळच, गंगावऱ्ह्याच्या बाजूला. मुक्काम याच भागात करा, म्हणजे चव घेतल्यावर सायकलवर बसायची वेळ येणार नाही. ही अट मी कुणालाही मोडू देत नाही. संध्याकाळी या रस्त्यावर ट्रॅक्टर आणि भरधाव गाड्या असतात.

बागेत आपणहून शिरू नका आणि घड तोडून तोंडात टाकू नका. फवारणी कधी झाली ते तुम्हाला माहीत नसतं आणि तो माल कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचा असतो. वायनरीत बाग दाखवतात, तेव्हा नीट बघा. वडिलांना मी पहिल्यांदा शिराझच्या, म्हणजे लाल वाइनच्या द्राक्षांच्या, बागेत नेलं तेव्हा ते घड हातात धरून म्हणाले, "एवढासा मणी! आमचा असा माल व्यापाऱ्याने उचललाच नसता." तिथल्या माणसाला विचारून त्यांनी एक मणी चिरडला. आतला गर पाण्यासारखा, पण साल चोळल्यावर बोट जांभळं झालं. लाल वाइनचा रंग सालीतून येतो, म्हणून मणी लहान आणि साल जाड हवी. खायच्या द्राक्षाचं सगळं याच्या उलट. त्या दिवशी वडील बागेतून लवकर निघेचनात.

टेस्टिंग साडेतीन-चारला घ्या, पोटात काहीतरी असताना. सकाळी मिसळ नको. नाशकात येऊन मिसळ नको म्हणणं मलाही जड जातं, पण झणझणीत रस्सा खाल्ल्यावर जीभ दिवसभर दुसरं काही ऐकत नाही. पेला दांड्याला धरा, हाताच्या उबेने वाइन तापते. आधी हलकेच फिरवून वास घ्या, मग छोटा घोट तोंडभर फिरवा. पांढरीपासून सुरुवात करून लालकडे जा, गोड सर्वांत शेवटी. पांढऱ्या वाइनपैकी शेनिन ब्लांमध्ये मला पिकल्या पेरूचा वास येतो, सोव्हिन्यों ब्लांमध्ये चिरलेल्या ढोबळी मिरचीचा, शिराझमध्ये मिऱ्याचा. तुम्हाला दुसरं काही आठवलं तर तेच खरं धरा, माझं नाही. समोर ठेवलेल्या भांड्यात घोट थुंकायला लाजू नका, ते त्यासाठीच असतं. जी आवडली तिचा एक पूर्ण पेला मागवा आणि सूर्य धरणामागे जाईपर्यंत तोच पुरवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी धरणाच्या कडेने सावरगावकडे एक फेरी मारा. तोडणीच्या बायका पहाटेच कामाला लागलेल्या असतात, कारण उन्हात घड तापला की रसाची चव उतरते. हवी तर दुपारी दुसरी वायनरी, नाही तर सरळ शहराकडे. आणि आता खुशाल मिसळ खा, जादा रस्सा मागून.

बाटल्या घेतल्यात तर त्या कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी ठेवा आणि परतीच्या वाटेवर बंद गाडीत उन्हात सोडू नका. शेनिन वर्षाच्या आत संपवा. ताजी आहे तोवरच तिला तो पेरूचा वास असतो.