मारुती एस्टीम गाडीचे व्हील नट सारखे ढिले होत होते, शेवटी कोडं सुटलं

रत्नागिरीची खारी हवा, त्यात ऑटोक्रॉससाठी (मोकळ्या मैदानात वेळ लावून गाडी पळवायची शर्यत) लांब स्टड (चाक ज्यांवर बसतं ते बोल्ट) टाकले, तर दोन राऊंडात मागचे नट ढिले. नट बदलले, टॉर्क (आवळायचा जोर) वाढवला, काही नाही. डोकं फिरलं अक्षरशः. चूक म्हणजे स्टड हातोडीने ठोकून बसवलेले, त्यांचं मागचं डोकं ड्रमला पूर्ण टेकलंच नव्हतं.

मग मागचा ब्रेक ड्रम काढला, स्टड मागे ठोकून पाडले, भोकातला गंज वायरब्रशने काढला. नव्या स्टडचं नर्लिंग (भोकात घट्ट धरणारे मानेवरचे दाते) व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) जुन्याशी जुळवलं, आटे १२ बाय १.२५ (१२ मिमी जाड, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर). स्टड मागून घातला, पुढून ग्रीस लावलेले तीन जाड वॉशर, वर जुना नट उलटा, सपाट बाजू वॉशरवर, आणि डोकं मागे चिकटेपर्यंत हळूहळू ओढून घेतला. ओढायचा नट फेकून द्या हां. आटे पुसून कोरडे, नवे नट समोरासमोर आवळले, मॅन्युअलच्या टॉर्कला. ५० किमीनंतर परत तपासले, एकही हलला नव्हता.