स्वस्तातला डॅशकॅम आणि रिव्हर्स कॅमेरा घेताना
डॅशकॅमच्या, म्हणजे काचेवर बसून समोरचा रस्ता रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्याच्या, बॉक्सवर ४के लिहिलंय म्हणून लगेच भुलू नका, स्वस्तातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर छोटाच असतो आणि व्हिडिओ नुसता ताणून मोठा केलेला असतो. खरा १०८०पी चालेल, पण रात्रीचं फुटेज बघूनच घ्या, समोरच्या गाडीचा नंबर हेडलाइटच्या उजेडात नुसता पांढरा पट्टा दिसत असेल तर काय उपयोग?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आत बॅटरी आहे की कपॅसिटर (बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा, उष्णता जास्त सोसणारा भाग). गाडी उन्हात उभी राहिली की काच भट्टीसारखी तापते, माझ्या पहिल्या कॅमेऱ्याची बॅटरी फुगून मागचं झाकणच उचललं गेलं होतं, तेव्हापासून कपॅसिटरवालाच. मेमरी कार्ड हाय एन्ड्युरन्सचंच (सततचं रेकॉर्डिंग सोसणारं) टाका, लूप रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे जुनं पुसून त्यावर सतत नवं रेकॉर्ड होताना, साधं कार्ड लवकर मरतं आणि नेमकं ठोकल्यावर कळतं की काही रेकॉर्डच झालं नाही.

रिव्हर्स कॅमेरा शक्यतो वायरवालाच घ्या, वायरलेसचं चित्र कधीकधी अडकतं. आयपी६७, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा, असावा. त्याची ट्रिगर वायर रिव्हर्स लाइटला जोडली की गिअर टाकताच स्क्रीन चालू. आणि हो, चित्र आरशासारखं उलटं दिसतंय ना ते बघा, नाहीतर डावं-उजवं चुकून खांबाला घासाल.