मीटलोफ कोरडा आणि घट्ट होतोय? या चुका टाळा

1930 च्या दशकातल्या मंदीत अमेरिकी गृहिणींनी थोडक्या खिम्यात पाव आणि अंडी घालून अख्ख्या घराचं जेवण भागवलं आणि मीटलोफ, म्हणजे पावाच्या लादीसारखा आकार देऊन ओव्हनमध्ये भाजलेला खिमा, घरोघरी रुळला. पाव आला काटकसरीपोटी, पण आज मांस मुबलक आहे म्हणून तो वगळू नका. दुधात भिजलेला पाव खिमा आवळू देत नाही आणि ओलावा धरून ठेवतो. 900 ग्रॅम खिम्याला पावाच्या दोन-तीन स्लाइस, अर्धा कप दूध आणि दोन अंडी पुरतात. कोरडा पावचुरा थेट घातला, तर तो खिम्यातलंच पाणी पिऊन टाकतो.

सगळ्यात जास्त मीटलोफ बिघडतात ते मळण्यात, आणि आपल्याकडच्या सवयीचा हात इथे नडतो. सीख कबाबाचा खिमा आपण चिकट होईपर्यंत मळतो, कारण तो सळईला धरून राहायला हवा. मीठ लावून मळलं की मांसातली प्रथिनं सुटतात आणि एकमेकांना चिकटतात. मीटलोफमध्ये हेच झालं तर काप रबरासारखा लागतो. म्हणून पाव, दूध, अंडी, मीठ, मिरपूड, कांदा हे सगळं आधी एकजीव करा. खिमा शेवटी घाला, बोटं फाकवून हलकेच कालवा आणि पावाचे पांढरे ठिपके दिसेनासे झाले की हात काढा. चव बघायची तर लहानशी टिक्की तव्यावर भाजून बघा. कच्चा खिमा चाखू नका.

कांदा कच्चा नको. तो परतून, पूर्ण गार करूनच घाला. नाहीतर पाणी सुटतं आणि काप तिथेच फुटतो.

बीफ घेत असाल तर साधारण 20 टक्के चरबीचं घ्या. भारतात बोकडाचा खिमा वापरणार असाल, तर त्यात थोडी चरबीही घालून द्यायला खाटकाला सांगा. नुसत्या बिनचरबीच्या मांसाचा लोफ कोरडा पडणारच.

ब्रेडच्या खोल साच्यात लोफ स्वतःच्याच चरबीत शिजतो, कडा पांढुरक्या राहतात. साचा फक्त आकारापुरता वापरा आणि लोफ उघड्या ट्रेवर उलटा करून भाजा. मला तर ती खरपूस कडच सगळ्यात प्रिय आहे! ओव्हन 175 अंशांवर ठेवा, साधारण तास लागतो. रंगावर विसंबू नका. थर्मामीटर मधोमध खुपसा: बीफ, पोर्क, मटण 71 अंश सेल्सिअस, चिकन 74.

केचप, ब्राउन शुगर आणि व्हिनेगरचा लेप सुरुवातीलाच लावला तर साखर करपण्याची भीती असते. तो शेवटच्या वीस मिनिटांत लावा.

बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं सुरी लावू नका. लगेच कापलात तर सगळा रस पाटावर वाहून जातो. सँडविचसाठी उरवायचा असेल तर अख्खाच फ्रिजमध्ये ठेवा. चरबी थिजली की काप न तुटता निघतात.