पोरांनी आणलेला फॉन्ट कन्व्हर्टर आधी सँडबॉक्समध्ये चालवा

आमच्या मंगळवार पेठेतल्या तालमीचे जुने अहवाल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, आणायचं काम निवृत्तीनंतर माझ्या गळ्यात पडलंय. सगळे जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेले. तो फॉन्ट संगणकावर नसला की 'श्री अंबाबाई प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरांची नुसती गिचमिड. मग तालमीतली पोरं कुठून तरी कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम, पैदा करतात. "बाई, लावा की पेन ड्राइव्ह, चालतंय बघा!" चालत असेलही. पण ती ईएक्सई, म्हणजे डबल क्लिकवर चालणारी प्रोग्रामची फाइल मुळात कुणी बनवली आणि वाटेत तिच्यात काय घुसडलं, हे त्यांनाही ठाऊक नसतं. सोबत 'अँटिव्हायरस बंद करून चालवा' अशी टीप असेल तर मी फाइल तिथंच डिलीट करते. उरलेल्यांची परीक्षा सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकीच्या संगणकापासून वेगळ्या राखलेल्या बंदिस्त जागेत.

आधी आपलं विंडोज कुठलं ते बघा: सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट. तिथं 'प्रो' लिहिलं असेल तर विंडोज सँडबॉक्स तुमच्याकडे आहेच. 2019 पासून तो विंडोज 10 मध्ये आला आणि 11 मध्येही आहे. 'होम'मध्ये तो मिळत नाही, त्यांचा मार्ग पुढे सांगते.

प्रोवाल्यांनी स्टार्टमध्ये 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' शोधायचं, यादीत तळाकडे 'विंडोज सँडबॉक्स'समोर टिक करायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं. रॅम किमान 4 जीबी हवी, पण 8 जीबी असेल तरच वापरायला मजा आहे. टिकच करता येत नसेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर सीपीयूखाली 'व्हर्च्युअलायझेशन' (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवायची सोय) चालू आहे का ते बघा. बंद असेल तर ते बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमधून, चालू करावं लागतं. सवय नसेल तर हे जाणकाराकडून करून घ्या.

सँडबॉक्स उघडला की खिडकीत एक कोरं करकरीत विंडोज दिसतं. बाहेर कन्व्हर्टरची फाइल कॉपी करायची, आत पेस्ट करायची. अहवालाचंही तसंच. मग वायफाय बंद करा किंवा लॅनची वायर काढा आणि त्यानंतरच डबल क्लिक. क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं राहतं ती जागा, आतबाहेर एकच असतो, तेव्हा पासवर्ड वगैरे कॉपी करून ठेवलेला नसावा. तयार झालेला मजकूर बाहेर आणा आणि खिडकी बंद करा. आतलं सगळं पुसलं जातं.

होमवाल्यांसाठी सँडबॉक्सी-प्लस हा वेगळा बसवायचा प्रोग्राम. मूळ सँडबॉक्सी 2004 पासूनची, 2020 मध्ये तिचा सोर्स कोड खुला झाला. घरगुती वापराला फुकट आहे. बसवल्यावर ईएक्सईवर राइट क्लिक करून 'रन सँडबॉक्स्ड' निवडायचं. खिडकीच्या नावाशेजारी हॅशची (#) खूण दिसली की प्रोग्राम बॉक्समध्ये आहे. ती दिसत नसेल तर लगेच बंद करा. तो जे काही लिहील ते सी ड्राइव्हवरच्या 'सँडबॉक्स' नावाच्या वेगळ्या फोल्डरात जातं. डेस्कटॉपवर फाइल सेव्ह केली की ती बाहेर काढायची का, असं विचारतं. मी फक्त टेक्स्ट फाइल बाहेर काढते, बाकी 'डिलीट कंटेंट'.

इथं एक मेख आहे. सँडबॉक्सीतला प्रोग्राम तुमच्या खऱ्या फाइली बदलू शकत नाही, पण नेहमीच्या सेटिंगवर वाचू मात्र शकतो. माझ्या संगणकावर पेन्शनचे कागद आहेत, तालमीच्या सभासदांचे फोन नंबर आहेत. म्हणून बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन ती फोल्डरं बंद करायची आणि बॉक्सचं इंटरनेटही तोडायचं. विंडोज सँडबॉक्समध्ये ही कटकट नाही, आत दिलेल्या फाइलींपलीकडे त्याला काही दिसतच नाही. दोन्हींतलं एक निवडायचं झालं तर मी तेच निवडीन.

बाहेर आलेला मजकूर वाचून बघा, कारण सुरक्षित कन्व्हर्टर शहाणा असतोच असं नाही. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. ही अदलाबदल ज्याला जमत नाही तो 'हिशेब'चा 'िहशेब' करतो आणि 'वर्गणी'ची 'वगर्णी'. वर्गणीच्या पानावर असली चूक राहिली तर तालमीत चार महिने चेष्टा.

कन्व्हर्टर बॉक्समध्ये गुमान चालला म्हणून तो साळसूद ठरत नाही. आपण सँडबॉक्समध्ये आहोत हे ओळखून गप्प बसणारे प्रोग्रामही असतात. त्यामुळे पास झालेला कन्व्हर्टरही मी बाहेर इन्स्टॉल करत नाही. नवा अहवाल आला की पुन्हा बॉक्समध्येच. आणि ज्याला ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्यात बसणारा प्रोग्राम) बसवल्याशिवाय चालायचंच नाही, तो सँडबॉक्सीत बहुधा अडतो. मजकूर बदलायला ड्रायव्हर कशाला लागतोय? असला पेन ड्राइव्ह पोरांना परत.