कारणाचा रकाना

आमच्या बचत गटाची वही अकरा वर्षं माझ्याकडे आहे. खालच्या आळीत नवा गट निघतोय. तिथली सचिव परवा विचारत होती, "ताई, वही लिहायची कशी?" तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

वही दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची घ्या. पहिल्या दिवशीच सगळ्या पानांवर आकडे टाका, म्हणजे पान फाटलं तर कळतं. पेन्सिल नको. चुकलं तर आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. उठायच्या आधी शिल्लक मोठ्यानं वाचा. आमच्यात चौघींना वाचता येत नाही, पण त्यातल्या एका मावशींना मागच्या महिन्याची शिल्लक तोंडपाठ असते. मी एकदा 2,640 च्या जागी 2,460 लिहिलं होतं, ते त्यांनीच पकडलं.

व्याज राहिलेल्या मुद्दलावरच लावा. आमचा दर महिन्याला शेकडा दोन. 10,000 घेतले आणि दर महिन्याला हजार मुद्दल फेडलं, तर व्याज धरून हप्ता पहिल्या महिन्याला 1,200, दुसऱ्याला 1,180, असं उतरत जाऊन दहा महिन्यांत व्याज 1,100 होतं. तेच पहिल्या दहा हजारांवर शेवटपर्यंत लावलं तर 2,000. हा फरक खडूनं जमिनीवर मांडून दाखवा, नुसतं सांगून पटत नाही.

आता कारणाचा रकाना. कर्जाच्या अर्जात तो असतोच आणि सगळा घोळ तिथेच होतो.

2019 च्या जूनमध्ये खुरपणीला जाणारी आमची एक जण 3,000 मागायला उभी राहिली. लेकीचा वाढदिवस, फ्रॉक आणि केक. सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, "घरात पीठ नाही आणि केक कसला?" त्याच बैठकीत शेळीसाठी मागणारीला लगेच पैसे दिले, कारण शेळी म्हणजे धंदा. शेळी महिन्याभरात मेली. वाढदिवसवाली तालुक्याला जाऊन शेकडा दहानं पैसे घेऊन आली. महिन्याला 300 नुसतं व्याज, म्हणजे तिची दीड दिवसाची मजुरी. आम्हाला कळलं तेव्हा सात महिने झाले होते. 2,100 भरून झालेले आणि मुद्दल तीन हजार जसंच्या तसं.

आणि मी? भाच्याच्या लग्नात आहेर करायला त्याच महिन्यात मी चार हजार घेतले होते. मला कुणी काही विचारलं नाही. कारणाच्या रकान्यात 'घरखर्च' असं मीच लिहिलं होतं. माझ्याकडे विहिरीची वाटणी आहे, नवऱ्याचा पगार आहे, म्हणून माझा आहेर म्हणजे रीत आणि तिचा केक म्हणजे उधळपट्टी.

तेव्हापासून आम्ही 'कशाला?' विचारत नाही, 'कशातून फेडणार?' विचारतो. दूधवालीला दर दहा दिवसांनी पगार येतो, तिचा हप्ता त्याला धरून ठेवा. मजुरीवालीला उन्हाळ्यात काम नसतं, त्या महिन्यांत नुसतं व्याज घ्या आणि तसं कर्ज देतानाच वहीत लिहा. नंतर दिलेली सवलत उपकार वाटते. हप्ता थकलाच तर एकटीनं जा. नळावर गाठू नका. चौघींनी मिळून दारात बसायचं, ही वसुली बाहेरचे करतात, ती आपल्यात आणू नका.

एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. वर्षअखेरीला व्याज आपण बारा जणींत सारखं वाटतो. एका वर्षी 3,600 जमले, प्रत्येकीला 300. त्यातल्या तिघींनी कधी कर्जच घेतलं नव्हतं, त्यांना गरज नव्हती. म्हणजे त्यांचे 900 रुपये बाकीच्या नऊ जणींच्या मजुरीतून आले. बचत त्यांचीही होती, त्यामुळे हिशेब चुकीचा नाही, हे मला मान्य आहे. तरी वाटताना हात अडखळला.

म्हणून आम्ही ठराव केला की वर्षातून एकदा प्रत्येकीनं कर्ज घ्यायचं, थोडं का होईना. सगळ्यांसमोर उभं राहून रक्कम मागायची. नव्या गटानं हा ठराव पहिल्याच बैठकीत घ्यावा, नंतर जड जातो. आमच्यातल्या शिक्षकाच्या बायकोनं दोन वर्षं टाळलं. तिसऱ्या वर्षी उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "पाच हजार." पुढे काही बोलेना. मी रकान्यापाशी थांबले, तशी हळूच म्हणाली, "कारण काय लिहिणार?"

'घरखर्च' लिहिलं आणि वही सहीसाठी तिच्याकडे सरकवली.