पाचव्या बारला गंधार उतरतो

जॅझ वाजवायला सॅक्सोफोन हातात घेऊन मला सहा वर्षं झाली. पहिल्या दोन वर्षांतली रेकॉर्डिंग फोनमध्ये अजून आहेत, ती मी कुणाला ऐकवत नाही. मधूनमधून स्वतः ऐकते आणि नेमक्या त्याच जागी पोटात गोळा येतो. ती जागा कुठली, हे सांगायलाच बसले आहे. बाकीचं तुम्हाला कुठेही मिळेल.

तुमच्याकडे अल्टो किंवा टेनर सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट यांपैकी काहीतरी आहे, सूर बऱ्यापैकी लागतो, स्केल्स येतात, एखादी धून कागदावरून वाजवता येते आणि आता ‘सोलो घे’, म्हणजे एकट्याने सुचेल ते वाजव, म्हटलं की हात गार पडतात, असं मी धरून चालते. रीड, म्हणजे माउथपीसवरची कंप पावणारी पातळ पट्टी, कुठली घ्यायची, हा प्रश्न मला विचारू नका. अडीच नंबरची घ्या आणि वर्षभर बदलू नका. महागडा माउथपीस तर मुळीच नको. मी घेतला. तेच चुकीचे सूर जास्त मोठ्याने ऐकू यायला लागले, एवढाच फरक पडला.

माझ्या घरी शास्त्रीय गाणं. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिलेल्या. काका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, त्यामुळे फुंकेच्या वाद्याचं घरात कुणाला नवल नव्हतं. चौतिसाव्या वर्षी बँकेतल्या पगारातून जुना अल्टो घेतला, तेव्हा मनात एकच विचार होता: आपल्याला आलाप येतो, ताना येतात, जॅझ म्हणजे तरी वेगळं काय? ऐनवेळी सुचेल ते वाजवायचं.

इथेच पाय घसरला.

एका क्लासात ‘तीन महिन्यांत जॅझ’ असा कोर्स केला. तिथे पहिल्याच आठवड्यात ब्लूज स्केल हातात ठेवली आणि सांगितलं, ही सगळीकडे चालते. मला तर घबाड मिळाल्यासारखं झालं. सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी. म्हणजे आपला धानी, त्यात तीव्र मध्यम टाकलेला! घरी फोनवर बॅकिंग ट्रॅक, म्हणजे नुसती साथ, लावून तासन्‌तास वाजवलं. काहीच चुकीचं वाटेना. आता कळतं, चुकीचं का वाटत नव्हतं. मी ट्रॅक ऐकतच नव्हते. ट्रॅक म्हणजे मला नुसता तानपुरा वाटत होता.

मग पुण्यातच एका तळघरातल्या कॅफेत सेशनला, म्हणजे जमून वाजवायच्या बैठकीला, गेले. पियानो, बास, ड्रम्स आणि मी. बासवाल्याने ‘ब्लूज इन एफ’ म्हटलं, म्हणजे एफला सा धरून बारा बारचं आवर्तन, चार मात्रांचा एक बार. (त्याआधीच्या सेशनला मी अल्टोवर खरंच एफमध्ये सुरू केलं होतं आणि तो ए फ्लॅट वाजला. ती फजिती वेगळी. या वाद्यांवर सुरांची नावं पियानोपेक्षा वेगळी पडतात: पियानोचा एफ म्हणजे अल्टोला डी. टेनर, ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटला जी. हे झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे.) तर या वेळी डी बरोबर धरला. तीन फेऱ्या घेतल्या. तिसऱ्या फेरीत अंगात आलं, एक तिहाई बांधली आणि नवव्या बारच्या पहिल्या मात्रेवर थेट सा वर येऊन थांबले. ऐटीत. लांब सूर, वर थोडा कंप.

पियानोवाल्याचं तोंड आंबट झालं. समोरच्या टेबलावरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या, तेही माझ्यासारखेच असणार.

नंतर चहा पिताना बासवाल्याने शांतपणे विचारलं, “पाचवा बार ऐकू आला का?” मी म्हटलं, “हो.” खोटं होतं.

आता हे जरा सविस्तर सांगते. कंटाळा आला तरी वाचा, कारण गाणं शिकलेला प्रत्येक जण इथे पडतो आणि पडलोय हे त्याला कळतसुद्धा नाही.

आपला कान एका षड्जाला बांधलेला आहे. तानपुरा सुरू आहे, सा हलत नाही, प्रत्येक सुराची किंमत त्या सा वरून ठरते. सा वर आलं की घरी आलं. जॅझमध्ये जमीन सरकते. साधा बारा बारचा ब्लूज घ्या, अल्टोच्या डी मधला. पहिले चार बार डी सेव्हन ही कॉर्ड, म्हणजे डी च्या पायावर एकत्र वाजणारे सूर. पाचवा-सहावा जी सेव्हन. सातवा-आठवा पुन्हा डी सेव्हन. नववा ए सेव्हन, दहावा जी सेव्हन, अकरावा-बारावा डी सेव्हन. आता आपला सा, म्हणजे डी, यात कुठे कुठे बसतो ते बघा. डी सेव्हनवर तो घरचा धनी. जी सेव्हनवर तो पंचम, पाहुणा पण मानाचा. ए सेव्हनवर मात्र तो अधांतरी लटकतो, कारण त्या कॉर्डचा जीव आहे सी शार्प, आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर अर्ध्या सुराच्या अंतराने डी ठेवून उभे. मी तिहाई मारून दिमाखात तिथेच उभी होते.

डी भरभर वाजवून पुढे गेलात तर काही बिघडत नाही. तिथे तळ ठोकला की बिघडतं.

आता पाचवा बार. डी सेव्हनचा तिसरा सूर एफ शार्प, आपला शुद्ध गंधार. जी सेव्हनमध्ये एफ शार्प नाहीच, एफ आहे. म्हणजे कोमल गंधार. चार बार शुद्ध असलेला गंधार पाचव्या बारला अर्धा सूर खाली उतरतो, सातव्या बारला परत वर चढतो. ब्लूजची सगळी गंमत या एका पावलात आहे. हे पाऊल ऐकू आलं तर मागे पियानो नसला तरी ऐकणाऱ्याला कॉर्ड बदललेली कळते. आणि ब्लूज स्केलमध्ये शुद्ध गंधार मुळातच नाही! तिथे पहिल्यापासून बाराव्या बारपर्यंत कोमलच. म्हणजे मी जी ‘सगळीकडे चालते’ म्हणून वाजवत होते, ती कुठेच काही सांगत नव्हती. ब्लूज स्केल वाईट नाही, मोठमोठे वादक ती वाजवतात. पण त्यांना पाचवा बार ऐकू येतो आणि मग ते ती वाजवतात. तुम्ही पहिल्या आठवड्यात ती शिकू नका. शिकला असाल तर वर्षभर कपाटात ठेवा.

हे मला समजावलं ते दादरच्या सरांनी. मूळचे गोव्याचे, वडिलांच्या वेळेपासून मुंबईत. दर शनिवारी सकाळच्या गाडीने मी पुण्याहून दादरला जायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला सॅक्सोफोन पेटीतून काढूच दिला नाही. पियानोवर डी सेव्हन धरली आणि म्हणाले, “गंधार गा.” गायले. मग काही न सांगता जी सेव्हन धरली. मी शुद्ध गंधारावरच होते. सर थांबले, पुन्हा धरली, पुन्हा मी तिथेच. चौथ्या खेपेला माझा आवाज आपोआप खाली सरकला. माझं मलाच दचकायला झालं. सर एवढंच म्हणाले, “बाय, पयलीं गाय, मागीर वाजय.” म्हणजे आधी गा, मग वाजव.

पुढचे दोन महिने एकच काम. बारा बार, प्रत्येक बारला एकच लांब सूर. पहिल्या चार बारांत ग. दोन बार कोमल ग. दोन बार ग. नवव्याला शुद्ध नी, दहाव्याला कोमल ग, शेवटचे दोन ग. आधी गाऊन, मग वाजवून. ते बसल्यावर दुसरी ओळ: कोमल नी, पाचव्या बारला शुद्ध ध, परत कोमल नी, नवव्याला म, दहाव्याला ध, शेवटी कोमल नी. मग या दोन ओळींमध्ये उड्या. मग त्या सुरावर येण्याआधी एक सूर खालून किंवा वरून चिकटवायचा. त्यापुढे तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही, बोटं स्वतःच वाटा काढतात. टेनरवाल्यांनी सा जी धरावा, बाकी सगळं तसंच. सरगमचा हा फायदा आपल्यालाच आहे, तो सोडू नका. नुसतं नोटेशन शिकलेल्यांना बारा वेळा वेगळं लिहून घ्यावं लागतं.

दोन महिने एकेक सूर? हो. मलाही रडू आलं होतं. एकदा घाटात गाडी अडकली, तेव्हा वाटलं, परत फिरावं आणि सुगम संगीताची पेटी वाजवावी. पण साधारण सातव्या आठवड्यात भाजी चिरताना मी ब्लूज गुणगुणत होते आणि गंधार स्वतःहून उतरला. कुठलीच कॉर्ड वाजत नव्हती. त्या दिवशी मी बटाटे तसेच ठेवून गच्चीवर गेले.

गच्चीवरून आठवलं. सॅक्सोफोनच्या तोंडात मोजे कोंबून आवाज कमी होत नाही, आवाज सगळ्या भोकांतून येतो. आमच्या सोसायटीत तक्रार झाल्यावर मी पाण्याच्या टाकीमागे वाजवायला लागले. नामवंत सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स १९५९ ते १९६१ न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करायचा, हे कळल्यावर टाकी जरा प्रतिष्ठित वाटायला लागली. हाच रॉलिन्स १९७८ च्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवाला मुंबईत धोबी तलावाच्या रंगभवनात वाजवून गेला. सर त्याबद्दल बोलायला लागले की शनिवारचा अर्धा तास गेलाच.

काफी ठाठाची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तुम्ही तिकडे पळणार हे मला माहीत आहे. मोडल जॅझमध्ये, म्हणजे एकाच सप्तकावर बराच वेळ राहणाऱ्या जॅझमध्ये, आपल्याला सोपं जाईल असं सगळे सांगतात. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ मधल्या प्रसिद्ध ‘सो व्हॉट’मध्ये सोळा बार डी डोरियन, म्हणजे सरळ काफी. मग आठ बार तोच काफी अर्धा सूर वर, ई फ्लॅटवर. मग आठ बार पुन्हा डी. कॉर्ड फारशा बदलत नाहीत, हे खरं. पण सतराव्या बारला सा स्वतःच उठून शेजारच्या घरात जातो, आणि रागाच्या नादात आलाप वाढवत बसलात तर आठही बार तुम्ही जुन्याच घरात. बार मोजू नका, बास ऐका. मी मोजायचे, आणि मोजताना वाजवायचं विसरायचे.

लयीबद्दल थोडक्यात. मेट्रोनोम पहिल्या मात्रेवर लावू नका, दुसऱ्या आणि चौथ्यावर ऐका. तबल्यावर वाढलेला कान समेकडे झेप घेतो, त्याने वाजवणं लग्नातल्या बँडसारखं होतं (काका, माफ करा). जिभेचा आघात मात्रेवर न देता मधल्या सुरावर द्या. क्लॅरिनेटवरून आलेल्यांनी ओठ सैल सोडावेत, नाहीतर सॅक्सवर सूर चढा आणि पिचका येतो. पावसाळ्यात जी शार्पची की चिकटते, वाद्य बिघडलं म्हणून दुकानात धावू नका. पॅडखाली कागदाची पट्टी दाबून ओल टिपून घ्या.

कुणाचे तयार लिक, म्हणजे सोलोतले छोटे तुकडे, पाठ करावेत का? माझं मत कडवट आहे: नाही. एक अख्खा सोलो कानाने उचला, लिहून न घेता, आधी गाऊन. पुढे अल्टोचा बादशहा झालेला चार्ली पार्कर कोवळा पोरगा असताना १९३६ मध्ये कॅन्सस सिटीच्या एका सेशनला ड्रमर जो जोन्सने त्याच्या पायाशी झांज फेकून त्याला थांबवलं होतं. मग त्याने काय केलं? टेनरवादक लेस्टर यंगचे सोलो रेकॉर्डवरून ऐकून ऐकून बसवले. तुमच्यावर झांज कुणी फेकणार नाही, आपल्याकडची माणसं फार सभ्य आहेत. हसून “छान होतं” म्हणतील. ते जास्त घातक.

गुरूबद्दलही बोलते, राग आला तर येऊ दे. गाण्यातली गुरुभक्ती इथे जशीच्या तशी आणू नका. जो शिक्षक तुम्हाला गायला लावत नाही आणि तुमच्यासोबत स्वतः वाजवत नाही, तो कितीही मोठा असो, सोडा. सर सांगतात, गोव्याची माणसं चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आलेली, कागद समोर ठेवला की काहीही वाजवायची. पण १९३५ मध्ये अमेरिकेच्या लिऑन ॲबेचा बँड मुंबईच्या ताज हॉटेलात आला, मागोमाग आणखी अमेरिकी वादक आले, तेव्हा सोलो घ्यायला कागद कामाला येईना. मग ही मंडळी त्यांच्या शेजारी बसून वाजवायला शिकली. हीच मंडळी पुढे हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंमध्ये. शेजारी बसायला मिळेल असं माणूस शोधा. नाव नसलं तरी चालेल.

आणि घाबरू नका हो. उशीर झाला, वय झालं, असं काही नसतं. फुंकेचं वाद्य असल्यामुळे तुम्हाला श्वास घ्यायला थांबावंच लागतं, आणि त्या थांबण्यातच अर्धी वाक्यं आपोआप नीट संपतात. पियानोवाल्यांना हे वर्षानुवर्षं शिकवावं लागतं.

मी त्याच तळघरात परत जायला लागले आहे. पाचवा बार आता चुकत नाही, नववाही बहुधा नाही. पण जॅझवाले ब्लूज साधा ठेवतच नाहीत. आठव्या बारला ते मध्येच बी सेव्हन घालतात, आणि त्यात डी शार्प आहे. म्हणजे कोमल ऋषभ, सा च्या अगदी अंगाला खेटून. सध्या मी तिथे अडकले आहे. घरी गाताना दहापैकी सात वेळा सापडतो, तळघरात तीन वेळा. उरलेल्या वेळी मी श्वास घ्यायचं निमित्त करते.

बासवाल्याला ते कळलं आहे. परवा त्याने बरोबर आठव्या बारला माझ्याकडे वळून पाहिलं.

या शनिवारी सर पुन्हा पेटी उघडू देणार नाहीत, असं दिसतंय.