केवळ मांसाहारावर राहायचे ठरवल्यास: पूर्वतयारी, ताटाची मांडणी आणि तपासण्या

धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे आणि साखर पूर्णपणे बंद करून केवळ मांस, मासे, अंडी आणि प्राणिज चरबी यांवर राहण्याचा प्रयोग अलीकडे अनेक जण करू लागले आहेत. कोणाला वजन उतरवायचे असते, कोणाला रक्तातील साखर आटोक्यात आणायची असते, तर कोणी पोटाच्या जुन्या दुखण्याला कंटाळून या वाटेला आलेले असते. यांतील काही अपेक्षा काही काळ पूर्णही होतात. परंतु या आहारावर वर्षानुवर्षे राहिल्यास काय होते, हे सांगणारी दीर्घकालीन नियंत्रित चाचणी आजवर झालेली नाही. म्हणून माझे मत असे आहे की, हा आहार कायमचा म्हणून न स्वीकारता आठ ते बारा आठवड्यांची मुदत घालून, आधी आणि नंतर रक्त तपासूनच करावा. त्याचे फायदे लवकर जाणवतात, मात्र त्यातून संभवणारे सर्वांत मोठे नुकसान, म्हणजे रक्तवाहिन्यांचे, मुळीच जाणवत नाही.

पायरी १: हा आहार आपल्यासाठी आहे का, ते आधी ठरवावे

मूत्रपिंडाचा विकार, वातरक्त म्हणजेच गाऊट, मुतखड्याचा पूर्वेतिहास, हृदयविकार किंवा घराण्यात चालत आलेले उच्च कोलेस्टेरॉल यांपैकी काहीही असल्यास या आहाराच्या फंदात पडू नये. गरोदर व स्तनदा माता, वाढत्या वयातील मुले आणि खाण्याशी निगडित मानसिक विकार झालेल्या व्यक्ती यांनीही तो टाळावा. प्राणिज प्रथिनांचे प्रमाण वाढले की लघवीतील कॅल्शियम आणि युरिक ॲसिड वाढते, लघवी अधिक आम्लधर्मी होते आणि खडे होण्यास अटकाव करणारे सायट्रेट घटते. ज्याला एकदा मुतखडा झाला आहे, त्याच्यासाठी ही परिस्थिती खडा पुन्हा होण्यास पोषकच ठरते.

औषधे घेणाऱ्यांनी तर पहिल्या घासाआधी डॉक्टरांशी बोललेच पाहिजे. आहारातून कर्बोदके नाहीशी झाली की रक्तातील साखर एक-दोन दिवसांतच खाली येऊ लागते. अशा वेळी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिल्या, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या, नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असणाऱ्या गोळ्यांचा धोका आणखी फसवा आहे, कारण साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साठून जीवघेणी आम्लता निर्माण होऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही बहुधा कमी करावी लागते. हे सर्व बदल डॉक्टरांनीच करावयाचे असतात.

पायरी २: सुरुवातीचे आकडे लिहून ठेवावेत

उपाशीपोटी घेतलेल्या रक्तावर लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल व चरबीची तपासणी), शक्य असल्यास अपोलिपोप्रोटीन बी (कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या घातक कणांवरील प्रथिन), एचबीएवनसी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा घटक), युरिक ॲसिड व यकृताच्या चाचण्या कराव्यात आणि लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिनही तपासून घ्यावे. वजन, कमरेचा घेर आणि रक्तदाब यांचीही तारखेनिशी नोंद ठेवावी. या नोंदीशिवाय आहार सुरू केल्यास दोन महिन्यांनी वाढलेला आकडा आहारामुळे वाढला की तो मुळातच तसा होता, हे कोणालाही सांगता येणार नाही.

पायरी ३: चरबीचे प्रमाण समजून घ्यावे

बहुतेकांची गल्लत येथेच होते. चरबी वाईट म्हणून ती काढून टाकायची आणि केवळ कोरडे, बिनचरबीचे मांस खायचे, हा मार्ग थेट आजारपणाकडे जातो. थोडा हिशेब करून पाहावा. शिजवलेल्या, कातडी काढलेल्या १०० ग्रॅम कोंबडीच्या छातीच्या मांसात सुमारे ३१ ग्रॅम प्रथिने आणि १६५ किलोकॅलरी असतात. दिवसाच्या २००० किलोकॅलरी केवळ त्यातून मिळवायच्या, तर सव्वा किलोच्या आसपास मांस खावे लागेल आणि पोटात सुमारे ३७५ ग्रॅम प्रथिने जातील, म्हणजेच एकूण ऊर्जेच्या सुमारे तीन चतुर्थांश. प्रथिनांतील नायट्रोजनाचे युरियात रूपांतर करण्याची यकृताची क्षमता मर्यादित असते आणि ऊर्जेच्या ३५ टक्क्यांपेक्षा बरीच अधिक ऊर्जा दीर्घकाळ प्रथिनांतून घेतल्यास मळमळ, जुलाब, थकवा आणि कितीही खाल्ले तरी न शमणारी भूक अशी लक्षणे दिसू लागतात. हिवाळ्यात केवळ रोडावलेल्या सशांवर गुजराण करणाऱ्या लोकांना हा त्रास होत असे आणि त्यावरूनच त्याला ‘सशांची उपासमार’ असे नाव पडले.

या बाबतीत सर्वांत बोलका प्रयोग १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात सुरू झाला. उत्तर ध्रुवप्रदेशात इन्युइट लोकांसोबत राहून आलेले संशोधक विल्यालमुर स्टेफान्सन आणि त्यांचे सहकारी कार्स्टन अँडरसन यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर केवळ मांसाहार केला. सुरुवातीला स्टेफान्सन यांना मुद्दाम बिनचरबीचे मांस देण्यात आले, तेव्हा दोन-तीन दिवसांतच त्यांची प्रकृती बिघडली, मळमळ आणि जुलाब सुरू झाले; चरबीयुक्त मांस देताच ते काही दिवसांत सावरले. पुढील काळात दोघांच्या आहारातील सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक ऊर्जा चरबीतून येत होती आणि प्रथिनांचा वाटा १५ ते २५ टक्के एवढाच होता. १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार वर्षाअखेरीस दोघांमध्येही जीवनसत्त्वांच्या अभावाची किंवा मूत्रपिंडाच्या बिघाडाची लक्षणे आढळली नाहीत. या प्रयोगाचा दाखला आज मोठ्या उत्साहाने दिला जातो, परंतु तो दोन व्यक्तींचा आणि एका वर्षाचा प्रयोग होता; रक्तवाहिन्यांमध्ये दशकानुदशके साचत जाणाऱ्या थराविषयी तो काहीही सांगू शकत नाही.

२००० किलोकॅलरींच्या दिवसासाठी साधारण १२५ ग्रॅम प्रथिने आणि १६५ ग्रॅम चरबी हे प्रमाण धरून चालावे. कोंबडीचे मांस कातडीसह आणि मांडीकडचे निवडावे, तसेच तेलकट मासे व अंडी यांचा नियमित समावेश करावा. केवळ लोणी आणि जनावराची चरबी ओतून आकडा गाठणे सोपे असले, तरी त्याची किंमत कोलेस्टेरॉलच्या अहवालात मोजावी लागते. माशांतील चरबी त्या मानाने बरीच सौम्य असते.

पायरी ४: स्नायूंच्या मांसापलीकडे जावे

मांसातून बी१२, जस्त आणि शरीरात सहज शोषले जाणारे लोह उत्तम मिळते. कॅल्शियम मात्र १०० ग्रॅम मांसात जेमतेम १० ते २० मिलिग्रॅम असते आणि प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम लागते. दूध व चीज चालत असेल, तर ते घ्यावे. नसेल, तर काट्यांसकट खाता येणारे लहान मासे घ्यावेत.

क जीवनसत्त्वाबद्दल बरेच गैरसमज आहेत. दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅम एवढी अल्प मात्राही स्कर्व्ही, म्हणजे या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, रोखण्यास पुरते आणि ताज्या, बेताने शिजवलेल्या मांसातून, विशेषतः कलेजीतून, त्यातील काही भाग मिळतो. मात्र उष्णतेने आणि दीर्घ साठवणुकीने हे जीवनसत्त्व नष्ट होते. सतत करपेपर्यंत भाजलेले किंवा डबाबंद मांस खाणाऱ्याला काही महिन्यांत हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर सहज काळे-निळे डाग उमटणे, जखमा लवकर न भरणे अशी लक्षणे दिसू शकतात. इन्युइट लोक सील, मासे आणि व्हेल यांचे अनेक भाग कच्चे खात आणि उन्हाळ्यात बेरीही गोळा करत. त्यांच्या नावावर रोज फक्त भाजलेला मांसाचा तुकडा खाणे, ही त्यांच्या आहाराची नक्कल नव्हे.

कलेजीत फोलेटही भरपूर असते, परंतु ती औषधासारखी मापानेच खावी. बैलाच्या १०० ग्रॅम कलेजीत प्रौढांसाठी ठरवलेल्या ३००० मायक्रोग्रॅम या दैनंदिन कमाल मर्यादेपेक्षा बरेच अधिक अ जीवनसत्त्व असू शकते आणि ते यकृतात साठत जाते. आठवड्यातून एकदा ५० ते १०० ग्रॅम पुरे. गरोदरपणात तर कलेजी पूर्णपणे वर्ज्य करावी, कारण अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते.

पायरी ५: पहिले दोन आठवडे मीठ, पाणी आणि पोट सांभाळावे

शरीरातील ग्लायकोजेन, म्हणजे यकृतात व स्नायूंत साठवलेली साखर, पहिल्या काही दिवसांत खर्च होते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही बाहेर पडते. त्यामुळे आठवडाभरात उतरलेले एक-दोन किलो हे बव्हंशी पाणी असते, चरबी नव्हे. इन्सुलिनची पातळी खालावल्याने मूत्रपिंडे सोडियमही अधिक प्रमाणात टाकून देतात. डोके दुखणे, उठताना भोवळ येणे, पोटऱ्यांत गोळे येणे या तक्रारी बहुतेक वेळा यामुळेच उद्भवतात. रक्तदाब व मूत्रपिंडे व्यवस्थित असल्यास जेवण अळणी ठेवू नये आणि मांस शिजवलेले पाणी फेकून न देता प्यावे, म्हणजे त्यात उतरलेले पोटॅशियमही वाया जात नाही.

मांसात तंतुमय पदार्थ मुळीच नसल्याने शौचाचे प्रमाण घटते. दोन-तीन दिवसांआड पण विनासायास शौचाला होत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. चरबी एकदम वाढवल्यास जुलाब होतात, म्हणून ती आठवडाभरात हळूहळू वाढवावी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच दिवसांच्या प्राणिज आहारानेच आतड्यांतील जिवाणूंचा तोल बदललेला दिसला: पित्तरसात टिकणारे जिवाणू वाढले आणि वनस्पतींचे तंतू पचवणारे घटले.

पायरी ६: निवड आणि शिजवणे

सॉसेज, सलामी, बेकन यांसारखे प्रक्रिया केलेले मांस या आहाराचा आधार कधीही होऊ देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात आणि लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. रोजच्या प्रत्येक ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे त्या मूल्यमापनात नमूद आहे. ही मूळ धोक्यातील सापेक्ष वाढ आहे, हे ध्यानात ठेवावे. तरीही दिवसातून तीनदा असे मांस खाणाऱ्याने ती दुर्लक्षू नये.

मांस निखाऱ्यांवर करपवण्यापेक्षा मंद आचेवर शिजवावे, कारण अतितापाने त्यात घातक रसायने तयार होतात. आतील तापमान कोंबडीसाठी ७४, खिम्यासाठी ७१ आणि अखंड तुकड्यासाठी ६३ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ द्यावे व तो अखंड तुकडा कापण्याआधी तीन मिनिटे ठेवावा.

पायरी ७: सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी

या तपासणीला टाळाटाळ करणाऱ्याने हा आहार मुळात करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हा आहार करणाऱ्या २०२९ व्यक्तींच्या सर्वेक्षणात बहुतेकांनी समाधान नोंदवले आणि दुष्परिणाम फार थोडे सांगितले. परंतु ज्यांनी रक्ताचे अहवाल कळवले, त्यांच्या एलडीएलचा (म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणाऱ्या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा) मध्यांक १७२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होता, जो सामान्यतः उच्च समजला जातो. ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) कमी आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) चांगले असल्याने उच्च एलडीएल निरुपद्रवी ठरते, असा युक्तिवाद केला जातो. त्यावर विसंबून राहण्याइतका पुरावा आज नाही. सडपातळ व्यक्तींमध्ये ही वाढ अधिक तीव्र असू शकते.

एलडीएल १६० च्या वर गेल्यास लोणी व जनावराची चरबी कमी करून मासे वाढवावेत, ताटात भाज्या व थोडी फळे परत आणावीत आणि पुन्हा तपासावे. ते १९० किंवा त्याहून अधिक असल्यास आहार थांबवून डॉक्टरांना भेटावे. क्रिएटिनिनच्या बाबतीत एक बारकावा आहे: तपासणीच्या आदल्या रात्री भरपूर शिजवलेले मांस खाल्ल्यास हा आकडा तात्पुरता वाढलेला दिसतो. शंका असल्यास मूत्रपिंडांसाठीची सिस्टॅटिन सी ही दुसरी रक्तचाचणी करून घ्यावी, कारण तिच्यावर मांसाच्या जेवणाचा तसा परिणाम होत नाही.

पायरी ८: मुदत संपल्यावर बाहेर कसे पडावे

पहिल्या आठवड्यात शिजवलेल्या भाज्या, दुसऱ्या आठवड्यात फळे व दही आणि त्यानंतर कडधान्ये व धान्ये, अशा क्रमाने एकेक पदार्थ तीन-चार दिवसांच्या अंतराने परत आणावा. पोटाच्या त्रासामुळे ज्यांनी हा प्रयोग केला, त्यांना नेमका कोणता पदार्थ सोसत नाही हे याच टप्प्यावर कळते आणि माझ्या मते या साऱ्या खटाटोपाचा तो सर्वांत उपयुक्त भाग आहे. ग्लायकोजेनबरोबर पाणी परतल्याने वजन एक-दोन किलोने वाढेल, त्याची धास्ती घेऊ नये. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या कमी केल्या असतील, तर कर्बोदके परत सुरू करण्याच्या दिवसापासून साखर व रक्तदाब घरी रोज मोजावा आणि आकडे वाढू लागताच मात्रा पूर्ववत करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.